सही जुळत नाही

फुलांच्या बाबतीत आम्हा बी.कॉम. मंडळींचं ज्ञान बेताचंच. देवाला चालणारी आणि न चालणारी, एवढ्या दोन खात्यांत आमचा सगळा बगीचा बसतो. त्यामुळे ‘मी ल्युपिनच्या जाती ओळखायला शिकून आलो’ असं मी शाखेत जाहीर केलं, तेव्हा आमच्या कॅशियरने ‘शेअरचा भाव काय चाललाय?’ असं विचारलं, याचा मला राग आला नाही. त्या नावाची औषधांची कंपनी आहे, आणि कॅशियरही बी.कॉम.च आहे.

त्याचं असं झालं, ३१ मार्चचे हिशेब एकदाचे मानेवरून उतरले आणि एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात, धाकट्या बहिणीने पाठवलेल्या तिकिटावर, मी अमेरिकेत ऑस्टिनला गेलो. सिनेमातलं टेक्सास म्हणजे नुसती धूळ आणि घोडे. प्रत्यक्षात रस्त्याच्या दोन्ही बाजूंना निळंच निळं! ‘ब्लूबॉनेट,’ बहीण म्हणाली. ‘ल्युपिन,’ दहा वर्षांची भाची म्हणाली, आणि माझी शिकवणी सुरू झाली.

हे घराणं वाटाण्या-हरभऱ्याचं. पान हाताच्या पंजासारखं, बहुधा पाच बोटांचं. ल्युपिन हे नाव लॅटिनमधल्या लांडग्यावरून पडलं. हे झाड जमिनीचा कस खातं अशी म्हणे जुन्या लोकांची समजूत. वास्तविक त्याच्या मुळांवरच्या गाठींत हवेतला नायट्रोजन धरला जातो आणि जमिनीचा फायदाच होतो. नियमित भरणा करणाऱ्या ठेवीदाराला कर्जबुडव्या म्हणण्यातला प्रकार!

‘मामा, टेक्सासचं राज्यफूल कुठलं?’

‘हेच की.’

‘हेच म्हणजे कुठलं?’

इथे खरी गंमत आहे. १९०१ साली तिथल्या विधिमंडळाने ल्युपिनस सबकार्नोसस या जातीला तो मान दिला. पण लोकांच्या डोळ्यांत भरे ती ल्युपिनस टेक्सेन्सिस, रंगाने गडद आणि अंगाने भरलेली. वाद सत्तर वर्षं चालला. शेवटी १९७१ साली विधिमंडळाने दोघींचं जॉइंट अकाउंट उघडलं, आणि पुढेमागे आणखी कुठली ब्लूबॉनेट निघालीच तर तिचीही सोय त्यात करून ठेवली. त्यामुळे बिग बेंडकडची, तीन फुटांपर्यंत वाढणारी ल्युपिनस हॅवार्डायसुद्धा त्याच खात्यात. हे कलम ज्याने लिहिलं तो माणूस आमच्या बँकेत शोभला असता.

आता ओळखायचं कसं? टेक्सेन्सिसच्या तुऱ्याचा शेंडा पांढराशुभ्र, लांबून दिसावा असा. पानाची बोटं टोकदार. सबकार्नोससचा शेंडा तसा पांढरा नसतो आणि पानाची बोटं टोकाला बोथट. मला हे फारच सोपं वाटलं. बावीस वर्षं मी लोकांच्या सह्या पडताळतोय! मी एक तुरा हातात धरला. खालच्या फुलांवर लालसर ठिपका, वरच्या फुलांवर पांढरा. मी तिथल्या तिथे निकाल दिला, ‘सही जुळत नाही. दोन जाती आहेत.’

भाची पोट धरून हसली. ‘अरे मामा, एकच झाड आहे ते! फूल जुनं झालं की पांढरा ठिपका लाल होतो.’

मीही हसलो, पण ते हसू नीट जमलं नाही. कारण ‘सही जुळत नाही’ हेच वाक्य सात-आठ वर्षांपूर्वी मी एका निवृत्त मास्तरांना ऐकवलं होतं. अर्धांगाचा झटका येऊन गेलेला. पैसे काढायच्या स्लिपवर सही अशी, की शाईत बुडालेली मुंगी चालत गेली असावी. ते म्हणाले, ‘अहो, मीच आहे.’ मी स्क्रीनवरची त्यांची वीस वर्षांपूर्वीची सही न्याहाळत होतो. त्यांच्याकडे पाहिलंच नाही. नियम सांगितला, अंगठा लावा, दोन साक्षीदार आणा. नियम बरोबर होता. सोमवारी ते दोघांना घेऊन आले. पस्तीस वर्षं पोरांकडून अक्षर गिरवून घेतलेला माणूस माझ्या खिडकीशी अंगठा लावून उभा राहिला, आणि निळा झालेला तो अंगठा धोतराला लागू नये म्हणून लांब धरून घरी गेला. पुसायला एखादा कागद द्यावा, हे मला सुचलं नाही.

रविवारी आम्ही पूर्वेला बॅस्ट्रॉपच्या बाजूला गेलो. ‘शेंडा आणि पान यांवरून नाही कळलं, तर ते कुठे उभं आहे ते बघायचं,’ भाचीने वाटेत बजावलं. टेक्सेन्सिसला चुनखडीची जमीन मानवते, सबकार्नोससला रेताड. (सडकेच्या कडेला मात्र याचा भरवसा नाही, कारण तिथे रस्ते खातं बी पेरतं. खातं कुठल्याही देशाचं असो!)

एका कुंपणापाशी गाडी थांबली. पलीकडे थोडी फिकट निळी फुलं, तुरे अंमळ बुटके.

‘ओळख, मामा,’ म्हणत तिने भिंग पुढे केलं.

भिंग न घेता मी खाली वाकलो, झाडाच्या बुंध्यापाशी हात घातला आणि मूठभर माती उचलून बोटांमधून सोडली. वाळू होती.