स्प्रिंगचे एक वेटोळे

उभे आयुष्य मुलांना शब्दरूपे आणि समास शिकविण्यात घालविल्यावर आम्ही मोटारीच्या चाकांखालील शास्त्रात लक्ष घालावे, हे वाचकांस विचित्र वाटेल. पण गतवर्षी आमच्याच हातून जे घडले, ते सांगितल्यावाचून राहवत नाही.

आमची जुनी लहान मोटार वळणांवर फार कले. चिरंजिवांनी नवे शॉक अ‍ॅब्सॉर्बर बसविण्यास सुचविले. मिस्त्रीने खर्चाचा आकडा सांगितला आणि आमच्या कपाळास आठ्या पडल्या. तोच कोणीसे म्हणाले, की स्प्रिंगचे एकेक वेटोळे कापले म्हणजे गाडी खाली बसते व स्थिर होते. काटकसर ही आमची जन्माची खोड. आम्ही तेच करविले.

सपाट रस्त्यावर गाडी खरोखरच कमी कले. पुढे कुंभार्ली घाट उतरताना एका खडबडीत वळणावर मागील चाक उडाले ते उडतच राहिले, आणि गाडी हातभर दरीकडे सरकली. मागे बसलेल्या आमच्या कुटुंबाने एवढेच विचारले, "अहो, किती पैसे वाचले?" आमच्यापाशी उत्तर नव्हते.

त्यानंतर मुलाने आम्हांस शिष्य केले. वेटोळे कापले म्हणजे स्प्रिंग नुसती आखूड होत नाही, अधिक ताठही होते. ती धक्क्याची शक्ती साठवून परत करते. ती शक्ती उष्णतेच्या रूपाने जिरविणे हे शॉक अ‍ॅब्सॉर्बरमधील तेलाचे काम. ताठ स्प्रिंगला जीर्ण शॉक अ‍ॅब्सॉर्बर आवरू शकत नाही. मग चाक रस्ता सोडते, आणि अधांतरी चाकाला वळविणार कोण? कलणेच कमी करावयाचे, तर डाव्या-उजव्या चाकांना जोडणारा अँटीरोल बार किंचित जाड घ्यावा. इंग्लंडातील लोटस कंपनीची 1962 सालची एलान गाडी वळणांसाठी नावाजली, तरी तिच्या स्प्रिंगा मऊच होत्या!

अखेर मूळ मापाच्या स्प्रिंगा, चारही शॉक अ‍ॅब्सॉर्बर व झिजलेले रबरी बुश नवे घातले आणि चाकांची अलाइनमेंट करून घेतली. आधी सांगितलेल्याहून खर्च अधिकच आला.

वर्गातही आम्ही मुलांना ताठ करीत आलो. त्यांना बसलेले धक्के कोठे जिरतात, हे कधी पाहिले नाही. त्यांतला एक आमच्याच घरात वाढला.

यंदा चैत्रात त्याच वळणाआधी त्याने गाडी थांबविली व म्हणाला, "बाबा, आता तुम्ही चालवा." गाडी किंचित कलली आणि मुकाट्याने वळली. मागे आमच्या कुटुंबाचा डोळा लागला होता.