किड्याचा पुतळा असलेलं गाव



चातुर्मास जवळ आला की आपल्या घराघरांत धान्य शोधायचं काम सुरू होतं. गहू, तांदूळ, डाळी उन्हात पडतात. सोंडे दिसले की आपण ते हलक्या हाताने सुपलीवर घेऊन सावलीत सोडतो. सोंड्यावर कुणी प्रेम करत नाही, पण मारायचं नाही एवढं लहानपणापासून ठाऊक असतं. अशा सोंड्याच्याच जातीतल्या एका किड्याचा पुतळा अमेरिकेतल्या एका गावाने भर चौकात उभारलाय. ते गाव मी पाहून आले. त्याबद्दल लिहीन म्हणून कितीतरी जणींना सांगून ठेवलं होतं.

गावाचं नाव एंटरप्राइझ. अलाबामा राज्याच्या आग्नेय भागात, कॉफी काउंटीत. माझी लेक तिथून पन्नासेक किलोमीटरवर डोथन गावात नोकरीला आहे. नोव्हेंबरमध्ये तिच्याकडे गेले होते. तिथे त्या दिवसांत पाचच्या आत सूर्य मावळतो, त्यामुळे आमची जेवणं पावणेपाचला उरकायची आणि संध्याकाळ लांबलचक वाटायची. डोथनला शेंगांचं मोठं पीक. दर नोव्हेंबरला तिथे शेंगांची जत्रा भरते, आणि ती 1938 पासून चालू आहे. रस्त्याकडेला मोठ्या पातेल्यात मिठाच्या पाण्यात उकडलेल्या शेंगा विकायला असतात. एवढ्या लांब येऊन आपल्यासारख्या उकडलेल्या शेंगा मिळाल्या म्हटल्यावर मला अगदी माहेरी आल्यासारखं झालं.

आता पुतळ्याची गोष्ट. एंटरप्राइझ हे गाव 1880 नंतर वसलं. 1898 मध्ये रेल्वे आली आणि कापसाची बाजारपेठ वाढली. अख्खा मुलूख कापसावर जगत होता. सावकाराकडून बी, खत, किराणा उधार घ्यायचा आणि कापूस विकून फेडायचा. मी कॉमर्सची, त्यामुळे मला लगेच दिसलं ते हे, की जमेच्या बाजूला एकच ओळ आणि खर्चाच्या बाजूला पन्नास.

त्यात हा किडा आला. इंग्रजीत त्याला बोल वीव्हिल म्हणतात. आपण बोंडावरचा सोंड्या म्हणू. लांबी जेमतेम अर्धा सेंटिमीटर. मादी कापसाच्या पात्यांत आणि बोंडांत अंडी घालते आणि अळी आतूनच सगळं खाऊन टाकते. 1892 च्या सुमारास तो मेक्सिकोतून टेक्सासमध्ये शिरला आणि वर्षाला थोडा थोडा पूर्वेकडे सरकत 1915 पर्यंत कॉफी काउंटीत पोचला. कापूस बसला. कर्जं थकली.

तेव्हा गावातले एच. एम. सेशन्स नावाचे गृहस्थ बाहेरच्या राज्यांत भुईमुगाची शेती पाहून आले. सी. डब्ल्यू. बॅस्टन नावाच्या कर्जात बुडालेल्या शेतकऱ्याला त्यांनी पटवलं आणि 1916 मध्ये भुईमूग लावला. त्या एका पिकात कर्ज फिटलं. शेंगा घ्यायला कोण पुढे आलं? आजूबाजूचे शेतकरीच, बियाण्यासाठी. पुढच्याच वर्षी, 1917 मध्ये, कॉफी काउंटीचं भुईमुगाचं पीक सगळ्या अमेरिकेत पहिलं आलं.

तेव्हा बॉन फ्लेमिंग या स्थानिक व्यापाऱ्याच्या मनात आलं की या किड्याचे उपकार मानावेत. 11 डिसेंबर 1919 रोजी स्मारकाचं उद्घाटन झालं. पुतळा इटलीत घडवलेला, किंमत 1,800 डॉलर. पायघोळ वस्त्रातली बाई दोन्ही हात वर करून उभी आहे, खाली कारंजं आहे. संपन्नतेचा अग्रदूत म्हणून किड्याचे मनापासून आभार, अशा अर्थाचा मजकूर कोरलाय. गंमत म्हणजे पहिली तीस वर्षं त्यावर किडा नव्हताच! तो 1949 मध्ये बसवला. मग टवाळ मुलांनी तो कितीदा तरी पळवला. 1998 मध्ये मोडतोड झाली, तेव्हापासून चौकात नक्कल आहे आणि मूळ पुतळा तिथल्या जुन्या रेल्वे स्टेशनातल्या संग्रहालयात ठेवलाय.

लेक म्हणाली, "आई, बघ, हे तर आपल्यासारखंच. किड्याचा पण मान ठेवलाय." मी म्हटलं, "थांब, जरा विचार करू दे."

किडा चतुरिंद्रिय जीव. त्याला भूक लागली, त्याने खाल्लं. गावाचं भलं करायचा त्याचा भाव नव्हता आणि वाईट करायचाही नव्हता. आपल्याकडे निमित्त आणि उपादान असं शिकवतात. किडा हे निमित्त. पीक बदलायची तयारी, कर्ज अंगावर असताना धोका घेण्याची हिंमत, हे त्या माणसांचं उपादान. आणि हा मान म्हणजे अहिंसाही नव्हे. 1970 नंतरच्या दशकांत दक्षिणेतल्या राज्यांनी एकत्र मोहीम काढून, औषधं फवारून हा किडा जवळजवळ नाहीसा केला. चौकात पुतळा आणि शेतात फवारा. शेतीतली उद्योगी हिंसा आपल्या लोकांनाही चुकलेली नाही, त्यामुळे मी त्यांना नावं ठेवत नाही. पण पुतळा पाहून भाबडं होऊ नये.

दुसरी गोष्ट त्या दगडावर लिहिलेली नाही. अलाबामाचा कापूस आधी गुलामांच्या घामावर पिकला आणि गुलामगिरी संपल्यावर वाट्याने जमीन कसणाऱ्या गरिबांच्या. त्यांत कृष्णवर्णीय पुष्कळ. कोणतं पीक लावायचं हे त्यांच्या हातात नव्हतं. किडा आल्यावर दक्षिणेतल्या अशा कितीतरी कुटुंबांनी बोचकी बांधली आणि उत्तरेतली शहरं गाठली. निमित्त एकच, फळ मात्र वेगळं.

त्याच राज्यात टस्कीगीच्या संस्थेत जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर होते. जन्म गुलामीतला. 1896 पासून ते तिथे शिकवत होते. कापसाने जमिनीचा कस जातो, मध्ये भुईमूग किंवा चवळी घ्या, जमीन सुधारते, हे ते गरीब शेतकऱ्यांना पोटतिडकीने सांगत. 1916 मध्ये त्यांनी भुईमूग कसा लावावा आणि त्याचे खाण्याचे 105 प्रकार कसे करावेत यावर पुस्तिका काढली. 105 प्रकार! आपली धाव चटणी, कूट, आमटी, लाडू आणि चिक्कीपर्यंत.

इथे एका प्रश्नाचं उत्तर देऊन टाकते, कारण सुनबाई मंडळी नेहमी विचारतात. शेंग जमिनीत होते, मग कंदमूळ का नाही? भुईमुगाचं फूल वर, उजेडात येतं. मग त्याला आऱ्या सुटतात, त्या मातीत शिरतात आणि टोकाला शेंग धरते. म्हणजे ती मूळ नव्हे, कंद नव्हे, फळ आहे. म्हणून आपल्याकडे चालते.

गाव म्हणून एंटरप्राइझ मला आवडलं. रविवारी चर्चबाहेर गाड्यांची रांग, लोक अनोळखी बाईलाही हसून नमस्कार करणारे. जवळच लष्कराच्या हेलिकॉप्टर वैमानिकांचं शिक्षणकेंद्र आहे, त्यामुळे नाना ठिकाणची कुटुंबं येऊन राहिलेली. 1 मार्च 2007 ला चक्रीवादळात तिथली शाळा कोसळून आठ विद्यार्थी गेले. लहान गावात आठ मुलं म्हणजे प्रत्येक गल्लीतलं दुःख. तरी 2010 मध्ये नवी शाळा उभी राहिली. या गावाला पुन्हा उभं राहायची सवय असावी.

परत आल्यावर हे सगळं मी माझ्या धाकट्या भावाला सांगितलं. माझं माहेर शिरोळ तालुक्यातलं. वडिलांच्या वेळी आमच्या रानात भुईमूग असायचा, शेंगा तोडायला आम्ही पोरी बसायचो. आता तीस वर्षं ऊस, ऊस आणि ऊस. पाणी देऊन देऊन खालच्या बाजूचं दीड एकर क्षारपड झालंय, पांढरं मीठ वर येतं.

तो म्हणाला, "आक्का, तुझं बरोबर हाय. पण ऊस हाय म्हणून सोसायटी कर्ज देते, कारखाना उचलतो. शेंगेला कोण हाय?"

या प्रश्नाला माझ्याकडे पटकन उत्तर नव्हतं, कारण एंटरप्राइझच्या गोष्टीतही मुख्य मुद्दा तोच आहे. बॅस्टनच्या मागे सेशन्स उभा होता, आणि शेंगा घ्यायला शेजारी तयार होते. एकट्या शेतकऱ्याला पीक बदल म्हणणं सोपं असतं. मग मी त्याला विचारलं, "वरच्या बाजूची अर्धा एकर देशील? बियाण्याचे पैसे मी घालते. माल निघाला की आमच्या महिला मंडळातल्या पंचवीस घरांचे वर्षाचे दाणे तुझ्याकडून घेऊ."

तो हसला. "वहिनीला विचारून सांगतो," म्हणाला. चार दिवसांनी वहिनीचाच फोन आला, "वन्सं, अर्धा एकर ठरलं. पण पंचवीस घरं नक्की ना?"

बियाणं आणलंय. यादीत अजून अठराच नावं आहेत. कोल्हापूर-सांगलीकडच्या ज्या कुणाला निवडलेले, स्वच्छ दाणे हवे असतील त्यांनी मला कळवा. भाव बाजाराचाच लावू, बहिणीचा भाव मागू नका.