दोन प्रश्न

माझा स्तनाचा कर्करोग आता हाडांत आणि यकृतात पोचला आहे. डॉक्टरांनी आणखी एक केमो सुचवली. घरात लगेच पैशांचा हिशेब सुरू झाला. थांबण्याचा विषय निघताच अम्मी म्हणाली, "मायूसी गुनाह है, बेटा."

मी डॉक्टरांना दोनच प्रश्न विचारले. मी बरी होईन का? आणि जे दिवस मिळतील, त्यांतले किती वर्गात उभी राहू शकेन?

ते जरा थांबले. "बरं होणार नाही. काही महिने मिळू शकतात, पण थकवा, उलट्या सोसाव्या लागतील."

वेदनाशमनाचे उपचार म्हणजे शेवट, असं मला वाटायचं. ते केमोबरोबरही घेता येतात, हे त्या दिवशी कळलं. मॉर्फिनच्या गोळीनं कित्येक आठवड्यांनी रात्रभर झोपले.

आता ठरलंय : दोन फेऱ्या, मग स्कॅन. उपयोग नसेल तर केमो बंद, वेदनेवरचे उपचार चालू.

अम्मीला म्हटलं, "औषध सोडेन, दुआ नाही. यात मायूसी कुठली?"

ती काही बोलली नाही. माझी ओढणी सारखी केली आणि मगरिबच्या वजूला उठली.