सोळावर कान ठेवा

साउदॅम्प्टनला स्थायिक झाल्यावर नवऱ्याला शिडाच्या बोटीचे वेड लागले आणि एक जुनी, २७ फुटी बोट हॅम्बल नदीतल्या मरिनात आमच्या नावावर उभी राहिली. तिच्यासोबत आलेला व्हीएचएफ रेडिओ मला मुळीच आवडला नव्हता. सदा खरखर, आणि बोलायचे म्हणजे अख्ख्या सोलंट सामुद्रधुनीने माझे इंग्रजी ऐकायचे! तो वापरायला प्रमाणपत्र लागते, म्हणून परीक्षा मात्र दिली होती.

त्या रविवारी आम्ही काऊजहून परतत होतो. सोबत पुण्याहून आलेले धाकटे दीर आणि जाऊबाई. वेस्ट ब्रॅम्बल बोयाजवळ एक तरंगता दोर पंख्यात गुरफटला आणि इंजिन बंद पडले. वारा पडलेला, शिडे लोंबलेली, आणि ओहोटीची ओढ आम्हाला जहाजांच्या वाटेकडे नेत होती. मोठी जहाजे इथे ब्रॅम्बलच्या वाळूच्या पट्ट्याला वळसा घालून वळतात. १५० मीटरपेक्षा लांब जहाजाच्या पुढे १००० मीटर आणि दोन्ही अंगांना १०० मीटर लहान बोटींनी यायचे नाही, असा बंदराचा नियम. बंदराच्या १२ नंबर चॅनेलवर तर एक कंटेनर जहाज आत येत असल्याचे नुकतेच ऐकले होते.

नवरा पुढे नांगर सज्ज करायला धावला आणि रेडिओ माझ्या वाट्याला आला.

"वहिनी, फोनला फुल रेंज आहे. मरिनाला लावू का?" दिरांनी विचारले.

"लावा भावजी, पण आधी मला बोलू द्या."

फोन लागला असताच. पण तो लागतो एकाच माणसाला. आसपासच्या बोटींना त्याचा काय पत्ता? मी चॅनेल १६ वर, म्हणजे संकटाच्या हाकेसाठी सगळे कान ठेवतात त्या चॅनेलवर, तीनदा 'पॅन-पॅन' हा तातडीचा इशारा पुकारला. बोटीचे नाव, जागा, अडचण, माणसे चार. 'मेडे' नाही. जीव किंवा बोट जायची वेळ आली तरच तो पुकारा करायचा. तटरक्षकांनी शांतपणे विचारले, सगळ्यांच्या अंगात लाइफजॅकेट आहे ना? जाऊबाईंनी न सांगता पट्टे आवळले. संभाषण पुरते संपायच्या आत जवळच्याच एका मोटरबोटीने उत्तर दिले: आम्ही येतो, ओढून नेतो. माझे पुणेरी इंग्रजी पहिल्या फटक्यात समजले होते! मग १२ वर बंदरालाही कळवले. जहाज वळले तेव्हा आम्ही त्याच्या वाटेबाहेर, दुसऱ्याच्या दोराला बांधलेले होतो.

बोटीत बसवलेला संच २५ वॅटचा असतो आणि त्याचा अँटेना डोलकाठीच्या टोकावर. व्हीएचएफ लहरी साधारण सरळ रेषेतच जातात, त्यामुळे उंचीला महत्त्व. हातातला संच पाचेक वॅटचा. त्याचा पल्ला थोडा, पण संकटात बोट सोडावी लागली तर तोच सोबत येतो. नव्या संचांवर झाकणाखाली संकटाच्या इशाऱ्याचे लाल बटण असते. ते काही सेकंद दाबून धरले की बोटीचा नऊ आकडी क्रमांक, आणि जीपीएस जोडलेले असेल तर ठिकाणही, आपोआप जाते. काही हौशी मंडळी १६ वर रात्रीच्या जेवणाचे बेत ठरवतात, त्यांचा मला अजून राग येतो.

कोणाच्या बोटीवर पाहुणे म्हणून जाल तेव्हा चहा घेण्याआधी रेडिओ कुठे आहे, लाल बटण कोणते आणि बोटीचे नाव काय, एवढे विचारून घ्या. मालकच पाण्यात पडला, तर बोलायचे तुम्हालाच आहे.