पाऊल बदलावे, नाच थांबवू नये

वयस्कर माणसाचा तोल एकदा गेला, की घरात लगेच शब्द उमटतो, ‘आता पुरे!’ आता पुरे तो जिना, आता पुरे ते भजनीमंडळ. दवाखान्यात हा शब्द मी रोज ऐकतो. त्याचे एक सुरेख उत्तर मला अमेरिकेत, मॅसॅच्युसेट्स राज्यात राहणाऱ्या माझ्या थोरल्या बहिणीच्या शेजारघरी पाहावयास मिळाले.

तेथील न्यू इंग्लंड प्रदेशात ‘काँट्रा’ नावाचे लोकनृत्य आजही गावोगावी चालते. १६५१ साली लंडनमध्ये जॉन प्लेफर्डने ज्यांचा संग्रह छापला, त्या इंग्रजी ग्रामनृत्यांच्या कुळातले हे नृत्य. समोरासमोर दोन लांब रांगा, व्हायोलिनची धून, आणि पुढची कृती पुकारणारा ‘कॉलर’. पाऊल साध्या चालण्याचेच. एक आवर्तन ६४ मात्रांचे, सुमारे अर्ध्या मिनिटाचे. ते संपताना प्रत्येक जोडी एक घर पुढे सरकून नव्या जोडीला भेटते. अशी नृत्ये कोणीतरी रचतो, आणि ती कार्डावर लिहून ठेवलेली असतात.

शेजारचे गृहस्थ असेच एक कॉलर, वय सत्तरीपलीकडचे. त्यांच्या पत्नीला गिरकी घेताच भोवळ येऊ लागली होती. तिने नृत्याला जाणे सोडले, आणि हळूहळू बोलणेही कमी केले. डॉक्टरांकडून तपासणी व तोल सावरण्याचे व्यायाम झाल्यावर त्यांनी तिच्यासाठी नवे नृत्य लिहावयास घेतले. जेवणाच्या टेबलावर मीठ-मिरपुडीच्या बाटल्या म्हणजे नर्तक! मी शेजारी बसून मात्रा मोजीत असे.

पहिल्या खर्ड्यात समोरच्या जोडीतील व्यक्तीसोबत १६ मात्रांची गिरकी, मग चौघांचे वर्तुळ ८ मात्रा, मग स्वतःच्या जोडीदारासोबत गिरकी पुन्हा ८ मात्रा. तिन्ही कृती घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने. अंतर्कर्णातील नलिकांत द्रव असतो. शरीर फिरून थांबले, तरी तो क्षणभर वाहतच राहतो, आणि मेंदूला आपण अजून फिरत आहोत असे भासते. म्हणून त्यांनी पहिली गिरकी ८ मात्रांवर आणली. तिच्यापुढे ८ मात्रांची सरळ चाल घातली: सारी रांग हातात हात घालून चार पावले पुढे, चार मागे. शेवटच्या गिरकीच्या जागी दोन्ही हात धरून संथ फेरी आली. बेरीज तीच राहिली, ३२.

मग घरात, नंतर सभागृहात तालमी झाल्या. प्रत्येक तालमीनंतर ते पत्नीला एकच प्रश्न विचारीत, “तोल नेमका कुठे गेला?” ती सांगे, ते कार्डावर खोडून पुन्हा लिहीत. फेरी संपल्यावर हात एकदम सुटतो, असे ती म्हणाली, तेव्हा पुढची कृती सुरू होईपर्यंत एक हात धरूनच ठेवावा, असे ठरले. त्या शनिवारी ती सलग पाच आवर्तने नाचली, मग खुर्चीवर बसून टाळ्या देत राहिली. घरी परतताना वाटभर तीच बोलत होती.

न्यूयॉर्कमधील ७५ वर्षांवरील ४६९ ज्येष्ठांचा एक अभ्यास २००३ साली प्रसिद्ध झाला. त्यात वारंवार नाचणाऱ्यांत स्मृतिभ्रंशाचा धोका कमी आढळला. तो नाचामुळेच कमी झाला, असे यावरून सिद्ध होत नाही. परंतु पाऊल, ताल, स्मरण आणि माणसांची संगत यांचा असा मेळ क्वचितच जुळतो.

आपल्या घरी काय करावे? भोवळ येत असेल तर प्रथम डॉक्टरांना दाखवावे. रक्तदाबाच्या गोळ्यांनी उठताना अंधारी येते का, मधुमेहाने तळपायांची संवेदना मंदावली आहे का, हे तपासून घ्यावे. मग आवडत्या गाण्यावर, दोन्ही हात धरून, चार पावले पुढे व चार मागे. फरशी कोरडी, पायात घट्ट बसणारी पादत्राणे, हाताशी खुर्ची. छातीत दुखले, धाप लागली किंवा चक्कर आली, तर तत्काळ थांबावे.

आणि काळजीवाहकांनो, आजी फुगडीला किंवा आजोबा भजनाला नको म्हणू लागले, तर ‘आता पुरे’ म्हणण्याआधी त्यांना जवळ बसून विचारा, “नेमके कुठे अडते?” पुष्कळदा बदलावी लागते ती आठच मात्रांची जागा, उरलेल्या छप्पन्न त्यांच्याच असतात.