आवाज येतोय का?

पोस्टाची तिकिटं जमवणाऱ्या माणसाचा स्वभाव त्या तिकिटांसारखाच असतो. एकदा चिकटला की सुटत नाही. आमच्या दादाला हा नाद लागला तेव्हा मी सात वर्षांचा होतो आणि गिरगावातल्या आमच्या दोन खोल्यांत माझी नेमणूक ‘बशीतल्या पाण्यात पाकिटांचे तुकडे भिजत घालणे’ या खात्यावर झाली होती. चिमट्याला हात लावायचा अधिकार मला नव्हता.

आल्बममधलं एक तिकीट मात्र निम्मं माझं होतं. अमेरिकेचं, 4 सेंटचं, 1958 सालचं. ते मिळवताना दादानं शेजारच्या मुलाला माझ्या अकरा गोट्या देऊन टाकल्या होत्या. अर्थात मला न विचारता. तिकिटावर पृथ्वीचा गोल, समुद्रदेव नेपच्यून आणि एक जलकन्या. जलकन्येमुळे आई ते पान जरा घाईनंच उलटायची. ‘‘अटलांटिकखालच्या तारेची शताब्दी आहे ही,’’ असं दादा सर्वांना सांगे. मी मनात म्हणे, ‘आणि माझ्या गोट्यांचं श्राद्ध!’

समुद्राखालच्या तारेचं तिकीट काढणं म्हणजे चित्रकाराची परीक्षाच. जमिनीवरच्या तारेचं सोपं असतं. आपल्या पोस्टानं 1953 साली तारखात्याच्या शताब्दीची 2 आण्यांचं आणि 12 आण्यांचं अशी दोन तिकिटं काढली. तारेचे खांब काढले, काम झालं. (ती तारसेवाही जुलै 2013 मध्ये बंद पडली. तिकिटं अजून आहेत.) पण समुद्राच्या तळाशी, काळोखात पडलेली केबल दाखवणार कशी? ब्रिटननं 1963 साली पॅसिफिकखालच्या टेलिफोन केबलचं तिकीट काढलं, तेव्हा तिला सरळ पृथ्वीभोवती गुंडाळून टाकलं. अमेरिकेनं नेपच्यूनला बोलावलं.

खरी गंमत पुढेच आहे. ज्या केबलची ही शताब्दी, ती जगली जेमतेम तीन-एक आठवडे! ऑगस्ट 1858 मध्ये आयर्लंड आणि न्यूफाउंडलंड यांच्यामध्ये ती टाकली. व्हिक्टोरिया राणीनं अध्यक्ष ब्यूकॅनन यांना 98 शब्दांचा संदेश पाठवला, तो पोचायला सुमारे 16 तास लागले. तरी न्यूयॉर्कनं एवढी आतषबाजी केली, की नगरभवनाच्या घुमटानं पेट घेतला. तार चालवणारे मात्र दोन्ही टोकांना रडकुंडीला आले होते. ‘पुन्हा पाठवा’, ‘जरा हळू पाठवा’, ‘कसं येतंय?’ यातच त्यांचे दिवस जात. तेव्हा आपण व्हिडिओ कॉलवर पहिली पाच मिनिटं ‘आवाज येतोय का?’ करतो, ते अगदी परंपरेला धरून आहे.

आयर्लंडच्या टोकाला व्हाइटहाउस नावाचे डॉक्टर होते. पलीकडे नीट ऐकू जात नाही म्हणून त्यांनी विजेचा दाब वाढवत वाढवत सुमारे 2000 व्होल्टवर नेला. म्हणजे आपल्या भाषेत, ते ओरडले. केबल आधीच अशक्त. गटापर्चा या झाडाच्या चिकाचं तिचं आवरण जळालं आणि ती कायमची मुकी झाली. विल्यम थॉमसन यांचं म्हणणं नेमकं उलट होतं. वीज थोडीच सोडा, पण पलीकडचा कान तिखट ठेवा. त्यांनी चिमुकला आरसा लावलेलं एक यंत्र केलं. वीज कितीही क्षीण असो, आरसा हलायचा आणि उजेडाचा ठिपका सरकायचा.

आता घरची हकिकत सांगतो. दादा 1971 पासून लंडनला. तीन वर्षांपूर्वी गिरगावची जागा विकायची वेळ आली आणि फोनवर आमचं वाजलं. त्याला नीट ऐकू येईना म्हणून मी आवाज चढवला. मी आवाज चढवला म्हणून त्यानं चढवला. मध्येच फोन कट झाला. फोन त्यानं आपटला असं मी धरून चाललो, मी आपटला असं त्यानं. केबल मुकी! तीन वर्षं.

परवा माळा आवरताना आल्बम सापडला. मी उत्साहानं बायकोला त्या तिकिटाची कथा सांगितली. भाजी निवडता निवडता तिनं विचारलं, ‘‘अहो, ओरडून ओरडून तार जळली, ते कळलं. पण पुढं काय केलं त्यांनी?’’

पुढं असं झालं, की 1865 साली ‘ग्रेट ईस्टर्न’ नावाचं अजस्र जहाज दुसरी केबल टाकायला निघालं आणि भर समुद्रात ती तुटली. 1866 साली त्याच जहाजानं नवी केबल पार पोचवली. मग ते मागं वळलं, दोन मैलांहून जास्त खोल पाण्यात गळ टाकटाकून जुनं तुटलेलं टोक शोधून काढलं आणि जोडलं. तेच जहाज 1870 साली मुंबईहून एडनपर्यंत केबल टाकत गेलं, आणि त्याच वर्षी मुंबई समुद्राखालून लंडनला जोडली गेली.

‘‘म्हणजे मुंबई-लंडन जोडून दीडशेच्या वर वर्षं झाली,’’ बायको म्हणाली, ‘‘आणि तुम्ही दोघं...’’ पुढचं वाक्य तिनं पालेभाजीला सांगितलं.

मी तिकिटाचा फोटो काढला आणि दादाला पाठवून दिला. वर एकच ओळ लिहिली : ‘तिकीट तुझं, गोट्या माझ्या.’ हल्ली असले निरोपही बहुतेक समुद्राच्या तळातूनच जातात, काचेच्या धाग्यांमधून, डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच. उत्तर मात्र दुसऱ्या दिवशी सकाळी आलं. मोजलं तर सोळा तास! पण राणीचे अठ्ठ्याण्णव शब्द होते, दादाचे अवघे चार : ‘चिमट्यानं धरलंस ना रे?’

त्या रात्री त्याचा फोन आला. पहिली पाच मिनिटं परंपरेप्रमाणे ‘आवाज येतोय का?’मध्ये गेली. त्याचा आवाज फार बारीक झाला होता. मी ‘मोठ्यानं बोल’ म्हणणार होतो. म्हटलं नाही. फोन कानाला जरा घट्ट लावला.