खाणीतले तळे

राणीगंज-आसनसोलच्या पट्ट्यात कोळशाची पहिली खोदाई १७७४ साली झाली. पुढे उघड्या खाणी आल्या. कोळसा सरला की खड्डा टाकून माणूस पुढे सरकला आणि पावसाने व भूगर्भातील पाझरांनी तो भरून काढला. बदलीवर इकडे आलेल्या आम्हां मराठी मंडळींना वस्तीलगतच्या अशा तळ्याचे निळसर, नितळ पाणी पाहून कोकणातील डोह आठवतात.

हे नितळपण दारिद्र्याचे आहे. खडकाने पाण्याला क्षार सढळ हाताने दिले. परंतु वनस्पती ज्यांवर पोसतात ते नत्र व स्फुरद फार थोडे. त्यातल्या त्यात सुदैव एवढेच की, येथील कोळशात गंधक कमी असल्याने पाणी सहसा आम्ल होत नाही. अमेरिकेतील ब्यूट गावच्या तांब्याच्या खाणीत साचलेल्या आम्ल पाण्यावर १९९५ साली हिमहंसांचा थवा उतरला, त्यांतील तीनशेंहून अधिक मेले. येथे अडचण आहे ती काठांची. ते कड्यासारखे तुटलेले. उथळ पाण्यात मुळे रोवणाऱ्या पाणकणसाने उभे राहावे कोठे? एखादी दरड ढासळून पायरी झाली असेल, तेथेच त्याचा पुंजका दिसतो.

पुढे वस्तीची गटारे तळ्याकडे वळतात. पाणी हिरवे होते आणि कचुरीपाना, म्हणजे आपली जलपर्णी, फोफावते. तिची जांभळी फुले पाहून पाहुणे खूश होतात. दक्षिण अमेरिकेतून आलेल्या या बयेने बंगालला इतके गांजले की, १९३६ साली तिच्याविरुद्ध खास कायदा करावा लागला. कायदेकानूंत वावरणाऱ्या आम्हां लोकांनी हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे, कारण ती अद्याप आहेच! तिच्या गालिच्याखाली उजेड पोचत नाही. तळची पाणवनस्पती कुजते, आणि प्राणवायू संपला की मासे तरंगू लागतात.

उन्हाळ्यात नळ कोरडे पडले की बायका याच पाण्यावर येतात. हाताने जलपर्णी सारून कळशी बुडवतात. आमच्या मंडळींत हा विषय निघाला की कोणी म्हणतो, भराव घालून मैदान करा. कोणी म्हणतो, नौकाविहार सुरू करा. आम्हांस वाटते, आधी गटार वळवावे आणि एका अंगाचा काठ उतरता करावा. पाणकणसाचे बी वाऱ्यावर आपणहून येईल, आणि कळशी घेऊन वर चढणाऱ्या बाईला पाय ठेवायला जागा होईल.